पहिल्या वाक्यापासून

नाशिकरोड,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्विनीस,
आप्पांचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तिच्या तोंडापुढे गुडघ्याचं फार चालत नाही. कॉलनीच्या वाचनालयाला नवे पत्रे बसले. उद्घाटनाला मी बोललो, पंचवीस मिनिटं, माइकशिवाय. एकतीस वर्षं मनमाडच्या तिकीट खिडकीच्या भोकातून 'पुढचा' म्हणून ओरडलेला माणूस आहे मी, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आपल्या पायांनी जातो. तुझी खुशाली आईकडून कळते. खरं तर भिंतीपलीकडून अर्धीअधिक ऐकूच येते, कारण तुझी आई फोन कानाला लावत नाही, हातभर लांब धरते.

सव्वादोन वर्षांनी लिहितोय आणि तेही कामासाठी. काम तांत्रिक आहे, तू त्या क्षेत्रातली, म्हणून तुला विचारतोय. कागदावर लिहितोय, कारण सध्या फोनवर माझा विश्वास उरलेला नाही.

गुरुवारी घरात वायफाय आलं. हट्ट तुझ्या आईचा. "पोरगी बोलता बोलता थिजते. तोंड उघडं ते उघडंच. मला बघवत नाय," म्हणाली. बिटको चौकाजवळ स्नेहाचं मोबाइलचं दुकान आहे. ती स्वतः शिडी घेऊन आली, भिंतीला भोक पाडलं, डबा बसवला, आणि जाताना माझाही फोन त्याला जोडून गेली. प्रगतीला माझा विरोध कधीच नव्हता.

शुक्रवारी सकाळी पाहतो तर फोन तापलेला. वरच्या पट्टीत एक छोटा बाण, तोंड वर, सारखा हलतोय. खाली लिहिलेलं, '६१२ पैकी २८८ अपलोड झाल्या.' मला वाटलं, काहीतरी उतरतंय. चष्मा पुसून वाचलं. उतरत नव्हतं, चढत होतं. माझी रेकॉर्डिंगं, एकामागून एक, वर. आणि वर म्हणजे कुठे? खात्याचं नाव उघडून पाहिलं, तर तुझं.

मग आठवलं. २०१९ साली तुला नोकरी लागली तेव्हा हा फोन तू दिलास आणि खातंही तूच घातलंस. "आप्पा, तुम्ही पासवर्ड विसराल. माझंच राहू द्या. वायफाय मिळालं की सगळं आपोआप जपलं जाईल." घरात वायफाय नव्हतं, म्हणून पाच वर्षं काहीच जपलं गेलं नाही. परवा एकदम सगळं जपायला निघालं.

मी थांबवायचे सगळे उपाय केले. फोन बंद करून चालू केला, बाण जिथे होता तिथून पुढे चालू लागला. तुझी आई म्हणाली, "पिठाच्या डब्यात ठेवा. त्याच्यात रेंज येत नाय." हसू नकोस, मी ठेवला. दहा मिनिटांनी डब्यातून गजर वाजला आणि तुझ्या आईने ज्वारीचं सगळं पीठ पुन्हा चाळलं. शेवटी भिंतीवरच्या डब्याचा प्लगच ओढून काढला. बाण ४०९ वर थांबला.

"अहो, पोरीच्याच घरी चाललंय ना? चोराच्या घरी तर नाय," तुझी आई म्हणाली.

तर काम असं. भाषणं तुझ्याकडे राहिली तर माझी काही हरकत नाही. त्यांतलं एकही वाक्य मला मागे घ्यायचं नाही. जे बोललो ते चार माणसांत, उभं राहून, स्वतःच्या नावाने बोललो. पण ऑक्टोबर २०२२ पासूनच्या बारा फायली अशा आहेत की त्या भाषणं नाहीत. घसा मोकळा करायला केलेला सराव आहे. तारखा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडतो. त्या फायली न ऐकता पुसून टाकाव्यात. ही सूचना समज.

सराव म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मी भाषण कधी लिहून काढलं नाही. आधी आयुष्यभर वाचलं, मग पहाटे चालत चालत बोललो. अजूनही सहाला निघतो, वालदेवी नदीच्या पुलापर्यंत जातो, जाताना फोनमध्ये बोलतो, येताना ऐकतो, खोटं वाटेल ते गाळतो. तुलाही तसंच शिकवलं. तू सहावीत होतीस, तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा होती. तू पलंगावर उभी, मी जमिनीवर बसलेला. तू अडखळलीस की मी एवढंच म्हणायचो, "पुन्हा. पहिल्या वाक्यापासून." तू पाय आपटायचीस. रडून झालं की नाक पुसून परत सुरू करायचीस. सतरा वेळा केलंस त्या दिवशी. ढाल घेऊन आलीस, तेव्हा मी 'शाबास'ही म्हटलं नाही, ढाल मात्र पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. ती अजून तिथेच आहे. दर रविवारी मीच पुसतो. आजही पुसली.

उत्तर आईच्या फोनवर कळवलंस तरी चालेल.

तुझा,
आप्पा


सोमवार, १० फेब्रुवारी

वरचं पत्र पाकिटात घालून निघालो होतो. पोस्टाच्या वाटेवर स्नेहाचं दुकान लागतं. म्हटलं, त्या बारा गेल्यात की नाहीत एवढं तरी आधी बघावं. गेल्या नसल्या तर पत्र टाकायचीच गरज नाही. तू म्हणशील, आप्पा अजून तसेच.

स्नेहाने फोन हातात घेतला, वास घेतला.

"काका, याला पीठ कसलं लागलंय?"

"ज्वारीचं."

ती पुढे काही विचारायच्या फंदात पडली नाही. चार ठिकाणी बोट लावलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "हे बघा, इथे 'थांबवा' असं बटण आहे. दाबलं. थांबलं. आता घरी जाऊन तो प्लग लावा, काकूंचं काम कशाला अडवता?"

"आणि ज्या गेल्या त्या परत बोलावता येतात?"

"काका, थांबवणं म्हणजे पुढचं थांबवणं. गेलेलं ते गेलं. आता ते ताईंच्या हातात."

"कोणत्या गेल्या ते कळेल?"

"नव्या आधी गेल्यात. जुन्या दोनशे तीन राहिल्यात. तुम्हाला कुठली पाहिजे?"

म्हणजे बाराच्या बारा गेल्या.

"काय आहे त्याच्यात?" तिने विचारलं.

"सराव."

"कशाचा?"

तेजू, उभ्या हयातीत मला प्रश्न विचारून कोणी गप्प केलेलं नाही. मनमाडला दगड आले तेव्हाही मी वाक्य पूर्ण करूनच खाली बसलो. पण त्या पोरीच्या काउंटरपुढे मला उत्तर देता आलं नाही. म्हणून पाकीट फाडलं आणि पुढचं घरी येऊन लिहितोय.

त्या बारांपैकी अकरा फायलींमध्ये मी तुझी माफी मागायचा प्रयत्न केला आहे.

अकरा वेळा. पहिला प्रयत्न नोव्हेंबर २०२२ मधला, शेवटचा गेल्या महिन्यातला. मी ठरवलं होतं की नीट जमलं की तुला फोन करायचा. जमलं नाही. तिसऱ्या वेळी मी चक्क 'मित्रहो' अशी सुरुवात केली. पाचव्या वेळी सुरुवात बरी झाली होती, पण पुण्यात आडनाव ऐकून खोली नाकारणाऱ्या लोकांवर गाडी घसरली आणि बावीस मिनिटं थांबलीच नाही. पुलाच्या कठड्यावर रावजी बसले होते, माझ्याबरोबर रेल्वेत होते ते. भाषण संपल्यावर ते टाळ्या वाजवायला लागले. "काय बोलला सहादूभाऊ! अंगावर काटा आला!" आणि मी मान लववून त्या टाळ्या घेतल्या. मुलीची माफी मागायला निघालेला माणूस टाळ्या घेऊन घरी आला. फाइल शेवटपर्यंत ऐकलीस तर रावजींच्या टाळ्याही त्यात आहेत.

बारावी फाइल वेगळी आहे. तिच्यावर आज येतो असं वाटलं होतं, पण आधी दुकानात काय झालं ते सांगतो.

स्नेहाने तुझ्या खात्यातलं माझं दालन उघडलं. मला वाटलं होतं, 'रेकॉर्डिंग ०५८८', 'रेकॉर्डिंग ०५८७' अशी रांग दिसेल. पण पडद्यावर मराठी अक्षरं होती. मी फोन तिच्या हातातून घेतला आणि वाचत गेलो.

'मनमाड, कामगार वसाहत, मुलींचं शिक्षण, ३ जानेवारी २०२३. मागे गाडीची घोषणा.'

'त्र्यंबक रस्ता, पाण्याचा प्रश्न. एकविसाव्या मिनिटाला आईचा ठसका.'

'कॉलनी वाचनालय. तारीख आप्पांनी चुकीची सांगितली आहे, खरी ६ डिसेंबर.'

'दिंडोरी, द्राक्षबागेतल्या बायकांची सभा. माइक बंद पडला. तरी ऐकू येतं.'

"ताई नव्यापासून मागे एकेकीला नाव देत चालल्यात," स्नेहा म्हणाली. "शुक्रवारपासून दिसतंय. हे ऐकल्याशिवाय होत नाही हो काका. बहुतेक चार-पाच मिनिटांच्या आहेत, पण एकेक ऐकलेली दिसतेय."

मी वाचतच होतो. आणि तेवढ्यात, माझ्या अंगठ्याखाली, एका ओळीचं नाव बदललं. 'रेकॉर्डिंग ०२९६' अशी ओळ होती, ती पुसली गेली आणि तिथे आलं, 'मनमाड, स्टेशनबाहेर, भर उन्हात. खूप छान.'

तू तिथे होतीस. त्याच क्षणाला, पुण्यात, कानाला लावून बसलेली. मी नाशिकरोडला उभा, तू तिकडे ऐकतेस आणि तुझं ऐकून झालेलं मला दिसतंय.

'खूप छान.' मी तुला ढाल आणल्यावर 'शाबास' म्हटलं नव्हतं.

मी एकतीस वर्षं रेल्वेच्या नोंदी पाहिल्यात. एवढ्या नेटक्या नोंदी मी कोणाच्या हातच्या पाहिलेल्या नाहीत. जागा, विषय, तारीख, आणि जे कोणी लिहिलं नसतं तेही. मी दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांना सांगितलं की ही माझी मुलगी. एक बाई रिचार्जला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बरं." मी तरी तीनदा सांगितलं. स्नेहाने मला स्टूल दिलं.

"काका, एक वेगळा फोल्डरपण आहे," ती म्हणाली. "अकरा फायली त्याच्यात टाकल्यात."

मी विचारलं, फोल्डरला नाव काय दिलंय.

"'पुन्हा.' एवढंच. काही कळलं का तुम्हाला?"

कळलं.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

आता बारावी फाइल.

अकरा तू एकत्र ठेवल्यास, नव्यापासून मागे येत बाकीच्यांना नावं दिलीस. त्यांत मधलीच एक आहे जिला नाव नाही. ती अजून नुसती 'रेकॉर्डिंग ०३१४' आहे. स्नेहा म्हणाली, राहून गेली असेल. तुझं काही राहून जात नाही. सतरा वेळा पलंगावर उभी राहणारी मुलगी आहेस तू.

पहिल्या वाक्यापासून बोलतो.

तेजू, मनमाडच्या सभेत मी तुझी गोष्ट ओघात बोलून गेलो नव्हतो. त्याच दिवशी सकाळी पुलापर्यंत चालताना तीन वेळा घोटली होती, तीच ही ०३१४.

तुझ्या आईला मी आजवर सांगत आलो, ओघात तोंडातून निघून गेलं. सगळ्यांना तेच सांगितलं. अकराही वेळा, माफी मागतानासुद्धा, 'ओघात' हाच शब्द वापरला. म्हणूनच त्या माफ्या खोट्या वाजत होत्या आणि म्हणूनच प्रत्येक वेळी मी दुसऱ्या कोणाला तरी झोडपायला जात होतो. मला जी फाइल थांबवायची होती ती ही. पिठाचा डबा हिच्यासाठी होता.

तू सुट्टीला आली होतीस. स्वयंपाकघरात मटार सोलत होतो आपण दोघं. पुण्यात चार घरांनी आडनाव ऐकून 'कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही, हे तू सांगितलंस. पाचव्या ठिकाणी करार मैत्रिणीच्या नावावर केला आणि मालकीणबाईंना आपलं आडनाव भलतंच सांगितलं, हेही सांगितलंस. "आप्पा, दारावर पाटी लावली नाही मी. रोज कुलूप उघडताना लाज वाटते." तेव्हा मी मटार सोलत राहिलो. तुला वाटलं असेल, आप्पा समजून घेतायत.

मी समजून घेत नव्हतो. मी ऐकत होतो, वक्त्यासारखा. आठ दिवसांनी मनमाडला हजार माणसांपुढे सांगितलं, "माझ्या पोटच्या मुलीने आडनाव लपवलं! आता बोला!" तुझं नाव घेतलं, तुझी कंपनी कुठल्या भागात आहे ते सांगितलं, दारावरच्या पाटीचंही सांगितलं. प्रचंड टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तो फिरत फिरत तुझ्या इमारतीत पोहोचला, आणि तुला आठ दिवसांत खोली सोडावी लागली. हे मला तुझ्या आईने सांगितलं. तिने मला त्यानंतर पंधरा दिवस जेवण वाढलं, पण वाढताना एक शब्द बोलली नाही.

आडनाव लपवू नये, हे मी कालही म्हणत होतो, आजही म्हणतो, मरेपर्यंत म्हणेन. लाज ज्यांनी दार लावलं त्यांना वाटली पाहिजे. पण तो माझा विचार आहे, त्यासाठी मी माझं घर पणाला लावायचं होतं. मी तुझं लावलं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

माझं चुकलं.

यापुढे एक वाक्य सुचलं होतं. चांगलं होतं, टाळी आली असती. लिहिलं नाही.

आता पुसून टाकायची जी सूचना केली होती ती मागे घेतो. चिठ्ठी फाडली. ०३१४ ठेव किंवा पुस, नाव दे किंवा देऊ नकोस. ती तुझी आहे. गोष्टच तुझी होती.

भिंतीवरच्या डब्याचा प्लग लावला आहे. 'थांबवा' काढून टाकलं, स्नेहाने कसं करायचं ते दाखवलं होतं, मी एकट्याने केलं. बाण हलतोय. २०१९ ते २१ मधली भाषणं येतील आता. त्यांत करोनातली काही आहेत, तोंडावर मास्क असल्यामुळे शब्द चिरडलेत. त्यांना काय नाव द्यायचं तुझं तू ठरव.

हे सगळं लिहून झालं, घडी घातली, पाकीट घेतलं, आणि पेन हातात तसाच राहिला. पाकिटावर नाव लिहायचं. तेजस्विनी, एवढं लिहिलं. पुढे आडनाव. पत्र इमारतीच्या पेटीत पडणार, चार लोक वाचणार. तिथे तू काय सांगितलंयस, मला ठाऊक नाही. पूर्वी मी ठळक अक्षरांत लिहून मोकळा झालो असतो आणि वर त्याचा अभिमान बाळगला असता.

तुझी आई पलीकडे तुझ्याशीच बोलत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"लता, तिला विचार. पाकिटावर आडनाव लिहू का?"

तुझ्या आईने फोन आणखी लांब धरला. मग फोनला म्हणाली, "ऐकलं का गं? हे विचारतायत. विचारतायत हां, सांगत नायत."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, परत थिजलीस. पण वायफाय चांगलं चाललं होतं. मग तुझा आवाज आला, सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा भिंत मध्ये न घेता.

"लिहा म्हणावं. दारावरच्या पाटीवर आहे तसंच. मोठ्या अक्षरात."

पाटी कधी लावलीस, तेजू? आईने सांगितलं नाही मला. मी विचारलं नव्हतं, हेच तिचं म्हणणं असणार.

मोठ्या अक्षरात लिहिलंय. पोस्टमनला लांबूनही वाचता येईल.

विचारून लिहिणारा,
तुझा आप्पा